खेळण्याच्या विटांची पाणबुडी



कार्यक्रमपत्रिकेत हा विषय वाचून पुष्कळांना वाटले असेल की, पगार, बोनस आणि संप यांवर बोलणारी ही मंडळी यंदा मुलांच्या खेळण्यांकडे कशी वळली! कारण साधे आहे. आमच्या संघटनेच्या वाचनालयात संध्याकाळी कामगारांची मुले जमतात. त्यांनी प्लॅस्टिकच्या विटा वापरून पाण्याखाली चालणारी आणि काठावरून हुकूम घेणारी एक पाणबुडी बांधली. ती बांधताना जे प्रश्न उभे राहिले, ते आम्हांला परके वाटले नाहीत.

या विटा मूळच्या डेन्मार्कच्या. बिलुंड गावचा ओले कर्क क्रिस्टियानसेन हा सुतार. मंदीत हातचे काम गेले, तेव्हा १९३२ साली तो लाकडी खेळणी करू लागला. 'नीट खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांतली अक्षरे जोडून १९३४ साली त्याने 'लेगो' हे नाव घेतले. प्लॅस्टिकच्या विटा १९४९ साली आल्या. विटेच्या पोटात नळ्या घालून पकड घट्ट करण्याच्या युक्तीचे पेटंट १९५८ साली मागितले गेले, आणि तेव्हाची वीट आजच्या विटेत अजून बसते. कामाविना बसलेल्या सुताराचा हा उद्योग आहे, एवढे ध्यानात ठेवावे.

परंतु ही पकड विटेला विटेशी धरते, पाण्याला अडवीत नाही. विटांची पेटी पाण्यात बुडवा, सांध्यासांध्यांतून पाणी आत येते. म्हणून विटांचा सांगाडा, मोटारी आणि दातेरी चाके एका झाकणाच्या डब्यात बसवावी लागतात. पाणी अडवायचे ते डब्याने, यंत्र धरायचे ते विटांनी. डबा कसा पारखावा? आत कोरडा वर्तमानपत्राचा कागद घालून, वर दगड ठेवून, तो रात्रभर हौदाच्या तळाशी ठेवावा. सकाळी कागद सादळलेला निघाला तर डबा बाद. मुलांनी असे बरेच डबे बाद केले. त्यात दुकानदाराने छातीवर हात ठेवून दिलेलेही होते.

पाण्याचा जोर लहान समजू नये. एक मीटर खोलीवर दर चौरस सेंटिमीटरवर १०० ग्रॅमचा दाब वाढतो. झाकण १० सेंटिमीटर व्यासाचे असेल तर त्यावर जवळजवळ ८ किलो भार येतो. हा भार झाकणाला आत दाबतो, म्हणजे रबराची कडी चांगली असेल तर उलट मदतच करतो. वाईट असेल तर मात्र पाण्याला वाट मिळते.

खरी अडचण पुढे आहे. आमचे एक सभासद पाण्याच्या पंपावर आयुष्य काढलेले. त्यांनी डबा हातात घेऊन विचारले, "पोरांनो, मोटार आत आणि पंखा बाहेर. मग दांडा जाणार कुठून?" मुले म्हणाली, "काका, भोक पाडू आणि ग्रीस भरू." काका हसले. ज्यांनी पंप चालवला आहे त्यांना ग्लँड म्हणजे काय ते सांगायला नको. दांडा जिथे बाहेर येतो तिथे दोरीचे पॅकिंग ठासतात, आणि ते थेंबथेंब गळू द्यावे लागते. गळणे अगदी बंद केले तर दांडा तापतो आणि पॅकिंग जळते. पंपघरात थेंब चालतो, कारण खाली नाली असते. पाणबुडीच्या पोटात नाली नाही.

तेव्हा रसायनाच्या कारखान्यातले दुसरे एक सभासद म्हणाले, "आमच्याकडे ॲसिडच्या पंपाला दांड्याचे भोकच नाही. आत लोहचुंबक, बाहेर लोहचुंबक, मध्ये भिंत." वर्षानुवर्षे तो पंप ते चालू-बंद करीत आले. तो तसा का केला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते आणि त्यांनाही कोणी विचारले नव्हते. जगभरच्या छंदी लोकांच्या विटांच्या पाणबुड्यांतही हीच युक्ती असते. आतल्या चकतीवर उत्तर-दक्षिण अशी आळीपाळीने चुंबके बसवायची, बाहेरच्या चकतीवर तशीच, आणि डब्याची पातळ भिंत मध्ये ठेवायची. मोटार आतली चकती फिरवते, तिच्या ओढीने बाहेरची फिरते आणि पंखा चालतो. पंख्यात शेवाळ अडकले तर चुंबके घसरतात, मोटार जळत नाही. कारखान्यातले ज्ञान आणि खेळण्यातले ज्ञान एकच आहे हे त्या संध्याकाळी दिसले, आणि आमच्या मते पाणबुडीपेक्षा हे मोठे.

बुडणे आणि तरंगणे हा आर्किमिडीजचा हिशेब. डबा दोन लिटरचा असेल तर तो २ किलो पाणी बाजूला सारतो. तेव्हा सगळ्या सामानासकट त्याचे वजन २ किलोच्या अगदी जवळ आणावे लागते. मग आत ६० मिलिलिटरची इंजेक्शनची पिचकारी बसवून तिचे तोंड बाहेर काढायचे. इथे भोक पडते खरे, पण त्यात काही फिरत नाही, म्हणून ते डिंकासारख्या चिकट द्रव्याने कायमचे बुजवता येते. मोटारीने दट्ट्या मागे ओढला की पाणी आत येते, पाणबुडी ६० ग्रॅमनी जड होऊन खाली जाते. दट्ट्या पुढे ढकलला की वर येते. मात्र विहिरीच्या पाण्यात बेतलेली ही होडी अलिबागच्या समुद्रात बुडणार नाही. खारे पाणी जड, त्यामुळे सुमारे ५० ग्रॅमचे वजन आणखी घालावे लागेल.

हुकूम पोचवण्याचे म्हणाल तर पाणी रेडिओच्या लहरी गिळून टाकते. हल्लीच्या खेळण्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी थोड्याशा पाण्यातच संपतात. जुन्या पद्धतीच्या २७ मेगाहर्ट्झच्या लहरी गोड्या पाण्यात बऱ्याच खोल जातात, खाऱ्यात मात्र त्याही हरतात. म्हणून समुद्रात काम करणाऱ्या मोठ्या यंत्रांना केबल असते. १९६६ च्या जानेवारीत स्पेनमधील पालोमारेसजवळ अमेरिकेचे विमान कोसळून एक हायड्रोजन बाँब समुद्रात गेला. सुमारे ८७० मीटर खोलीवरून तो एप्रिलमध्ये वर काढताना 'कर्व्ह' नावाचे असेच केबलवाले यंत्र उपयोगी पडले. बाँबच्या छत्रीत ते स्वतःच गुरफटले आणि दोन्ही एकत्र वर ओढले गेले. एवढ्या खोलीवर कोणताही पाणबुड्या उतरला नसता.

जिथे माणसाने उतरू नये तिथे यंत्राने उतरावे, हे बाँबच्या बाबतीत चटकन पटले. गटाराच्या बाबतीत पटायला फार वेळ लागतो आहे. गटारात मारतो तो मुख्यतः विषारी वायू. संरक्षक साधनांशिवाय तिथे माणूस उतरवण्याची मनाई २०१३ च्या कायद्याने झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये करायला सांगितले. भरपाईचा आकडा वाढवावा लागतो, याचा अर्थ श्रोत्यांनी आपणच लावावा.

मुलांची पाणबुडी गटारात चालणार नाही, ती चिखलातच रुतेल. तिथल्यासाठी निराळे यंत्र लागते. केरळात तरुण इंजिनियरांनी 'बँडिकूट' नावाचे यंत्र केले. २०१८ पासून ते तिथे वापरात आले. यंत्र भोकातून खाली जाते आणि चालवणारा वर उभा राहून पडद्यावर पाहतो. पूर्वी जे स्वतः उतरत, त्यांनाच ते चालवायला शिकवले गेले. आमचा आग्रह नेमका इथे आहे. यंत्र आले आणि उतरणारा घरी बसला, तर त्याने जीव वाचवून उपाशी मरायचे. यंत्राच्या खरेदीच्या कागदातच शिकवणीची आणि नोकरीची अट असावी, आणि ती मागण्याइतके यंत्र आमच्या माणसाला कळावे. ग्लँड का गळते हे ज्याला कळते, त्याला हेही कळते.

मुले बाहेर मांडवात पिंप भरून बसली आहेत. ज्यांना पाणबुडी चालवून पाहायची असेल त्यांनी ती पोरांकडून मागून घ्यावी. चुंबके जबर आहेत, तेव्हा चावीची घड्याळे तेवढी दूर ठेवावीत.