बारा खांबांची टोपी

मी भिलाईहून बोलतोय. आजचा विषय ऐकून काही जणांना वाटेल की चुकीचा माणूस पकडून आणला. मी मूळचा विदर्भातला, भिलाई इस्पात संयंत्रात नोकरी केली. एकतीस वर्षं रेल अँड स्ट्रक्चरल मिलमध्ये रुळांची मापं तपासली. भारतीय रेल्वेचे रूळ इथे बनतात, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्या माणसाने आज क्रोशाची टोपी कशी विणायची यावर बोलायचं! पण मी विणली आहे. तीन फसल्या, चौथी जमली. त्या चारही टोप्यांची ही हकिगत, आणि ती ऐकता ऐकता तुम्हालाही एक विणता यावी अशी माझी इच्छा आहे.

आमच्या घरात क्रोशाचं काम म्हणजे आमच्या सौभाग्यवतींचं. दारावरचं तोरण, टीव्हीवरचा रुमाल, पाण्याच्या हंड्यावरचं झाकण, सगळं तिच्या हातचं. नात्यात कुणाकडे बाळ झालं की बारशाला हिचं टोपडं जाणार, हे ठरलेलं. मी शेजारी खुर्चीत बसून पेपर वाचायचो. कुणी विचारलं तर म्हणायचो, "तिचा टाइमपास आहे."

गेल्या पाच-सहा वर्षांत तिला संधिवाताने गाठलं. सकाळी बोटं सुजलेली असतात, मूठ वळत नाही. सुई धरायची म्हणजे अंगठा आणि दोन बोटं घट्ट जुळवून तासभर ठेवायची. ते आता होत नाही. अशात नागपूरहून मुलीचा फोन आला. सातवा महिना चालू, बाळ ऐन थंडीत येणार. फोन ठेवल्यावर ही काही बोलली नाही. कपाटातून लोकरीचा डबा काढला, सुई हातात घेतली, थोडा वेळ बसली आणि डबा परत ठेवून दिला.

मी म्हटलं, "विकतची आणू की. सिव्हिक सेंटरला कितीतरी मिळतात."

ती म्हणाली, "आणा."

त्या एका शब्दावर मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, "अहो बाईसाहेब, मला शिकवा. हात माझे, डोकं तुमचं." ती हसली. पुष्कळ दिवसांनी अशी हसली.

आता सामान. मी सुपेल्याच्या बाजारात गेलो आणि दुकानदाराने दाखवली ती गडद निळी, लव असलेली, फुललेली लोकर घेऊन आलो. "अंकल, एकदम सॉफ्ट है," असं तो म्हणाला होता. हिने बघितलं आणि परत पाठवलं. नवशिक्याने गडद रंग घेऊ नये, टाके दिसत नाहीत. लव असलेली लोकर घेऊ नये, उसवताना गुंतते. शिवाय तान्ह्या बाळाच्या नाकातोंडात लव जाते. फिकट रंगाची, गुळगुळीत, मध्यम जाडीची, बाळासाठी म्हणून विकतात ती लोकर घ्यायची. सुई चार मिलिमीटरची. लोकरीच्या गुंडीवरच्या कागदावर कोणत्या मापाची सुई चालेल ते छापलेलं असतं. बाकी कात्री, मोठ्या नेढ्याची बोथट सुई, मोजपट्टी आणि एक सेफ्टी पिन. सगळं मिळून हॉटेलातल्या एका जेवणापेक्षा कमी खर्च.

पहिला आठवडा मी फक्त साखळी घातली. सरकगाठ सुईवर चढवायची, सुईवर लोकर घ्यायची आणि गाठीतून ओढायची. झाली एक साखळी. शंभर घाला, उसवा, परत शंभर घाला. माझी पहिली साखळी इतकी घट्ट होती की सुईचं टोक आत शिरेना. ही म्हणाली, "रूळ नाही बनवत आहात तुम्ही. सैल सोडा." डाव्या हाताच्या बोटावरून लोकर कशी सुटते, यावर सगळा खेळ आहे. तो ताण सारखा राहिला की टाके सारखे येतात. मला ही गोष्ट नोकरीमुळे पटली, पण बोटांना पटायला आठ दिवस गेले.

दुसऱ्या आठवड्यात टाके. आमच्याकडे दोनच लागतात. मुका खांब: सुई टाक्यात घाला, लोकर ओढून आणा, सुईवर दोन फासे होतात, परत लोकर घेऊन दोन्हींतून एकदम काढा. आणि खांब: आधी सुईवर लोकरीचा एक वेढा, मग सुई टाक्यात घालून लोकर ओढा, तीन फासे होतात. लोकर घ्या, दोनांतून काढा. परत घ्या, उरलेल्या दोनांतून काढा. नावं घरोघरी थोडी बदलतात, कृती हीच.

हे मी आता तुम्हाला चार ओळींत सांगितलं. पण हिला ते मला सांगायला दोन दिवस लागले. तिला येत नव्हतं म्हणून नव्हे. तिने ते कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. सुई धरून दाखवता येईना, आणि तोंडाने सांगायला गेली की अडखळायची. एकदा वैतागून म्हणाली, "माझ्या हाताला माहीत आहे हो, मला नाही माहीत!" मग ती डोळे मिटून रिकाम्या हवेत बोटं हलवायची, आणि काय केलं ते सांगायची. मी वहीत लिहून घ्यायचो. चाळीस वर्षांचं ज्ञान त्या बोटांत होतं आणि कागदावर एक ओळ नव्हती. बोटं थांबली असती तर ते तिथेच संपलं असतं.

आता टोपीकडे येऊ. चार साखळ्या घालून त्यांची कडी करायची. त्या कडीत तीन साखळ्या, ज्या एक खांब धरायच्या, आणि अकरा खांब. एकूण बारा. कडी जोडून घ्यायची. बारा कुठून आले, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आईने सांगितलं." पुढच्या ओळीत प्रत्येक टाक्यात दोन खांब, म्हणजे चोवीस. इथपर्यंत बरोबर. पुढचं ऐकून न घेता मी उत्साहात प्रत्येक ओळीत दोन-दोन घालत गेलो. अठ्ठेचाळीस, शहाण्णव! संध्याकाळी माझ्या हातात टोपी नव्हती, फ्रॉकची झालर होती.

दुसऱ्या वेळी घाबरून चोवीसवरच थांबलो आणि सरळ विणत गेलो. ती टोपी नागपुरी संत्र्याला अगदी बरोबर बसली.

तेव्हा मी वही-पेन्सिल घेऊन बसलो. वर्तुळाची त्रिज्या जितकी वाढते, त्याच्या सव्वासहा पट परीघ वाढतो, हे शाळेतलं गणित. आता खांबाची उंची साधारण त्याच्या रुंदीच्या दुप्पट असते. म्हणजे एक ओळ वाढली की त्रिज्या दोन टाक्यांएवढी वाढली आणि परीघ साडेबारा टाक्यांएवढा. म्हणून दर ओळीला बारा खांब वाढवायचे! बारा, चोवीस, छत्तीस, अठ्ठेचाळीस. मुका खांब उंचीला आणि रुंदीला जवळजवळ सारखा, म्हणून तिथे सहाच वाढवायचे. हिच्या आईने सांगितलेल्या बारामध्ये पाय बसलेला होता. मी तिला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं. मग आता नीट विणा."

आणि माझी ती झालर? तीही वाया गेली नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात डायना ताइमिना नावाच्या गणितज्ञ बाईंनी 1997 मध्ये अशीच मुद्दाम टाके वाढवत जाऊन क्रोशाची झालर विणली. विद्यार्थ्यांना कागदावर समजत नव्हता असा अतिपरवलयी पृष्ठभाग त्यांनी हातात धरता येईल असा करून दिला. बाईंनी जाणूनबुजून केलं, मी चुकून केलं, एवढाच फरक.

तर पूर्ण कृती ऐका. पहिली ओळ बारा. दुसरी चोवीस. तिसऱ्या ओळीत एका टाक्यात एक, पुढच्यात दोन, असं आलटून पालटून, छत्तीस. चौथ्या ओळीत एक, एक, दोन, म्हणजे अठ्ठेचाळीस. आता ही चकती टेबलावर ठेवा. सपाट बसली पाहिजे. कडा वर उचलल्या तर टाके कमी आहेत, लाटा आल्या तर जास्त.

मग मोजपट्टी लावा. नवजात बाळाच्या डोक्याचा घेर चौतीस-पस्तीस सेंटिमीटर असतो. विण ताणली जाते, म्हणून टोपी दोन-तीन सेंटिमीटर लहान ठेवायची. बत्तीसला तीन पूर्णांक चौदा शतांशाने भागा, चकती दहा सेंटिमीटरची हवी. लहान असेल तर सुई अर्ध्या मापाने मोठी घ्या, मोठी असेल तर लहान. मोठ्या माणसाची टोपीही अशीच होते. घेर मोजा, भागा, आणि चकती तेवढी होईपर्यंत बारा-बारा वाढवत जा.

चकती झाली की वाढवणं बंद. आता प्रत्येक टाक्यात एकच खांब. कडा आपोआप खाली वळतात आणि टोपीचा आकार येतो. मध्यापासून काठापर्यंत साडेतेरा सेंटिमीटर होईपर्यंत विणा. शेवटी दोन ओळी मुक्या खांबांच्या, म्हणजे काठ पसरत नाही. बोटभर लांब शेपूट ठेवून लोकर कापा आणि बोथट सुईने आतल्या बाजूने ओवून टाका. गोंडा नको, बटण नको, मोती नको. तुटून बाळाच्या तोंडात जातात.

माझी तिसरी टोपी इथे फसली. अठ्ठेचाळीसने सुरुवात केली आणि काठाशी पोचलो तेव्हा एकोणचाळीस उरले होते. नऊ टाके कुठे गेले? प्रत्येक ओळीच्या शेवटी, त्या तीन साखळ्यांच्या शेजारचा टाका मी खाऊन टाकत होतो. टोपी खाली निमुळती झाली, डोक्यात जाईना. उपाय सोपा. ओळीच्या पहिल्या खांबात सेफ्टी पिन अडकवा आणि प्रत्येक ओळ संपल्यावर मोजा. कंटाळा आला तरी मोजा. आयुष्यभर मापं तपासलेला मी घरात मोजायला विसरलो, कारण मनात कुठेतरी अजून ते "टाइमपास"च होतं.

त्याच सुमारास आमच्या शेजारच्या तेलुगू वहिनी आल्या होत्या. भिलाईत हे बरं आहे. कारखान्यामुळे देशभरची माणसं एका गल्लीत राहतात. त्यांचं माहेर पश्चिम गोदावरीतलं. माझ्या हातात सुई बघून आधी हसल्या, मग म्हणाल्या, "हमारे नरसापूर में तो घर-घर में यही काम है." एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांमुळे तिथे क्रोशाची लेस आली आणि पुढे ती परदेशी जाऊ लागली. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी 1982 मध्ये 'द लेसमेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं. हजारो बायका रोज कित्येक तास विणतात, जगाच्या बाजारासाठी विणतात, पण त्यांना कामगार म्हणत नाहीत. त्या घरी बसलेल्या गृहिणी आणि हे त्यांचं फावल्या वेळचं काम, असं मानलं जातं, आणि म्हणूनच मजुरी इतकी कमी, हे त्यांनी दाखवलं. मी ते ऐकलं आणि गप्प झालो. नरसापूरच्या व्यापाऱ्यांना काय बोलू? तोच शब्द मीही वापरत होतो. क्रोशाचं खरं काम आजही यंत्रावर होत नाही. प्रत्येक टाका कुणाच्या तरी बोटांतून गेलेला असतो.

त्या रात्री मी नवी वही काढली. कारखान्यात मालाची नोंदवही असते तशी. हिला विचारून विचारून लिहिलं: कोणत्या वर्षी काय विणलं, कुणाला दिलं, कोणता नमुना. तिला सगळं आठवत होतं. अठ्ठेचाळीस टोपडी निघाली. अठ्ठेचाळीस आकडा आला म्हणून आम्ही दोघंही हसलो. त्यातली दोन टोपडी घेतलेल्या मुलांची आता लग्नं झाली आहेत. मी विचारलं, "कुणी परत कधी काही म्हणालं?" ती म्हणाली, "एक-दोघी म्हणाल्या. तुम्ही नाही."

चौथी टोपी मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पूर्ण केली. फिकट पिवळी. शेवटच्या ओळीत एक टाका चुकला होता, बाहेरून दिसतही नव्हता. तिने बोट फिरवलं आणि म्हणाली, "उसवा." मी उसवली. परत विणली. मग म्हणाली, "आता चालेल." कारखान्यात माझ्या सहीशिवाय रूळ बाहेर जात नसे. घरातली सही तिची.

बारशाला दुर्गहून गाडी पकडून नागपूरला गेलो. टोपी बसली, किंचित सैल, म्हणजे महिनाभर चालेल. डॉक्टरांनी बाहेर नेताना, गारठ्यात डोकं झाकायला सांगितलं, आणि घरात ऊब असेल तर झोपताना काढून ठेवायला. मुलीने विचारलं, "आई, हात दुखत असताना विणलीस?" ही माझ्याकडे बघून म्हणाली, "सांगितली मी. विणली ह्यांनी."

मंडळी, तुमच्या घरातही कुणाच्या तरी बोटांत असं काही असेल. विण असेल, पुरणाचा अंदाज असेल, गोधडीचा टाका असेल. ती बोटं चालू आहेत तोवर शेजारी बसा आणि विचारा. सांगता आलं नाही तर डोळे मिटून करायला सांगा, आणि लिहून घ्या. आणि टोपी विणायची असेल तर उद्या लोकर आणा, फिकट रंगाची. शंभर साखळ्या घाला. उसवा. परत घाला. पहिल्या तीन टोप्या फसतील, त्याला घाबरू नका. चौथीला मात्र मोजायला विसरू नका.