न दिसणारी भिंत



सुट्टीत पोरगं मोबाइलवर गाडी पळवत असतं. समोर मोकळं माळरान, पलीकडे डोंगर. अचानक गाडी अडते, चाकं जागच्या जागी फिरत राहतात. आडवं तर काहीच नाही! व्हिडिओ गेमवाले या अडथळ्याला अदृश्य भिंत म्हणतात. खेळातलं जग बहुतेकदा हाताने रचावं लागतं, त्याला पैसा लागतो, म्हणून ते कुठेतरी संपवावंच लागतं. तो डोंगर नुसता देखाव्यापुरता.

अडवायला हरकत नाही, पण रीत हवी. २००२ च्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो : व्हाइस सिटी’त सुरुवातीला पूल बंद असतात, कारण वादळाचा इशारा. पटतं. १९९६ च्या पहिल्या ‘पोकेमॉन’मध्ये एका शहराच्या वेशीवरचा शिपाई तहानेला असतो, त्याला प्यायला काही दिलं की वाट मोकळी. नाक्यावरचं चहापाणी जपान्यांनाही ठाऊक दिसतं!

सगळ्यात स्वस्त युक्ती म्हणजे कडेला नदी सोडायची. नदी आली की जग संपलं. गोव्यातल्या आमच्या पेडण्यात मात्र हा हिशेब चुकतो. केरीच्या धक्क्यावरून पाहिलं, की तेरेखोल नदीपलीकडे किल्ला दिसतो. नवखा म्हणेल, तो महाराष्ट्र. फेरीबोटीतून उतरलात तरी तुम्ही गोव्यातच! पोर्तुगिजांनी हा किल्ला सावंतवाडीकरांकडून १७४६ मध्ये घेतला. पेडणे महाल त्यांच्याकडे आला तो १७८८ मध्ये. नदी कुठून वाहते, याची फिकीर कुणी केली नाही.

गोव्यातल्या डिचोलीहून महाराष्ट्रातल्या दोडामार्गाला जाताना याच्या उलट. झाडी तीच, माणसं एकमेकांची सोयरी, आणि मध्येच हद्द. २०२० च्या टाळेबंदीत नाके बंद झाले, तेव्हा पलीकडून गोव्यात कामाला येणारे घरीच अडकले. पत्रादेवीच्या हद्दीवर तर १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीच्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. ती गोष्ट खेळाच्या पारड्यात घालायची नाही. पण हद्द कोणी आखली आणि कशासाठी, हे विचारायला ती शिकवते.

म्हणून गेम बनवायला शिकणाऱ्या आपल्या मुलांना एक विनंती. कधी पेडण्याचा खेळ केलात, तर खेळणाऱ्याला केरीच्या धक्क्यावर अडवू नका. फेरीबोट ठेवा. आणि अडवायचंच असेल, तर कारण सांगा.