खांद्याचे दुखणे, इंटरनेट आणि विवेक
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



जैन परंपरेत औषधदान व ज्ञानदान या दोहोंना मोठे स्थान आहे. रुग्णाला उपचाराविषयी योग्य माहिती मिळवून देणे, यात ही दोन्ही दाने एकत्र येतात. म्हणूनच न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात या विषयाचे चिंतन उचित ठरते.

बेल्ह्यासारख्या बाजारपेठेच्या गावात खांद्याला विश्रांती नाही. सोमवारच्या बाजारात पोती वाहणारा हमाल, कांद्याच्या गोण्या उचलणारा शेतकरी, वरच्या फळीवरून तागे काढणारा दुकानदार, महामार्गावर दुचाकीवरून पडलेला तरुण, या सर्वांची तक्रार एकच असते : "हात वर होत नाही." मोबाईलवर हेच चार शब्द लिहिले की क्षणात असंख्य उपाय पुढे उभे राहतात.

तक्रार एक असली तरी व्याधी निरनिराळ्या असतात. ‘फ्रोझन शोल्डर’ हा विकार चाळिशी ते साठीच्या वयात व विशेषतः मधुमेहींमध्ये अधिक आढळतो. त्यात खांदा आखडतो, आणि सल्ल्याने केलेला हळुवार व्यायाम हितकर ठरतो. मात्र पडल्यामुळे स्नायुबंध फाटला असेल, तर जोराने केलेल्या व्यायामाने इजा वाढू शकते. सांधा निखळला असेल, तर अननुभवी हातांनी ओढाताण केल्यास मज्जातंतू व रक्तवाहिन्यांना धोका पोहोचतो. अशा वेळी हात झोळीत स्थिर ठेवून रुग्णालय गाठावे. खांदेदुखीसोबत छातीत दडपण, घाम वा धाप असेल, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेथे मोबाईल पाहत बसणे घातकच. अनेकांतवाद हेच शिकवितो की, कोणतेही विधान कोणत्या अपेक्षेने सत्य आहे, हे पाहिल्यावाचून ते स्वीकारू नये.

माहितीची पारख कशी करावी? अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात १९९७ साली चार कसोट्या मांडल्या गेल्या : लेखक कोण व त्याची पात्रता काय, आधार कोणता, मजकूर केव्हाचा, आणि त्यामागे कोणाचा पैसा वा हितसंबंध आहे. १९९९ साली इंग्लंडमध्ये तयार झालेल्या ‘डिसर्न’ या सोळा प्रश्नांच्या कसोटीने त्यापुढे जाऊन विचारले : उपचाराचे धोके सांगितले आहेत काय? उपचार न केल्यास काय होईल? दुसरा पर्याय आहे काय? जे पान केवळ शस्त्रक्रियेचे वा तेलाचे गुणगान करते, ते येथेच उघडे पडते.

आणखी एक गोष्ट ध्यानी असावी. साठीनंतर अनेकांच्या खांद्यातील स्नायुबंधाला वेदना नसतानाही फाट आढळते. म्हणून एमआरआयच्या अहवालातील एखादा शब्द इंटरनेटवर शोधून घाबरून जाणे किंवा शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नव्हे. अहवालाचा अर्थ रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीशी जोडूनच लागतो.

याचा अर्थ रुग्णाने वाचूच नये असा नाही. मुंबईत मालपाणी डॉक्टर दांपत्याने ‘हेल्प’ हे रुग्णांसाठीचे आरोग्य-ग्रंथालय उभारले, ते जाणता रुग्ण घडावा याच हेतूने. वाचावे, प्रश्न कागदावर लिहावेत आणि ते अस्थिरोगतज्ज्ञांपुढे ठेवावेत. न्यासाच्या आरोग्य शिबिरांतून या कसोट्यांचे मराठी पत्रक घरोघरी पोहोचविल्यास, तेही एक ज्ञानदानच ठरेल.

कापडावरील छाप पाहून कोणी तागा घेत नाही. सूत व वीण पारखूनच घेतो. देहाच्या बाबतीत तर याहून अधिक विवेक हवा. जय जिनेंद्र!