नियम करणारे आणि नियमाने जिंकणारे



निवडणूकपद्धतीच्या सुधारणेचा विचार करताना आपले विद्वान बहुधा गणिताच्या वाटेने जातात. परंतु ज्या कायद्याच्या आधारे आपण गादीवर आलो, तोच कायदा बदलण्यास सत्ताधाऱ्याने राजीखुशीने का तयार व्हावे, या प्रश्नाचे उत्तर गणितात सापडत नाही. न्यूझीलंडच्या इतिहासात ते थोडेबहुत सापडते.

त्या देशातही आपल्यासारखीच, ज्याला सर्वांत जास्त मते तो निवडून, अशी विलायती वळणाची रीत होती. १९७८ साली मजूर पक्षाला नॅशनल पक्षाहून अधिक मते पडली, तरी ९२ जागांपैकी त्याच्या वाट्याला ४० आल्या आणि नॅशनलला ५१. १९८१ साली पुन्हा तेच घडले, आणि सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाने एकपंचमांशाहून अधिक मते मिळवून केवळ दोन जागा पदरात पाडून घेतल्या. दोनदा अशी ठेच लागलेल्या मजूर पक्षाने सत्तेवर आल्यानंतर, १९८५ साली, न्यायमूर्ती जॉन वॉलेस यांच्या अध्यक्षतेखाली शाही आयोग नेमला. मतदाराने एक मत आपल्या मतदारसंघातील उमेदवारास व दुसरे पक्षास द्यावे, पक्षमतांच्या प्रमाणात एकंदर जागा ठराव्यात आणि मतदारसंघांतून जी तूट राहील ती पक्षाच्या यादीतून भरून काढावी, अशी शिफारस आयोगाने १९८६ च्या अखेरीस केली.

परंतु तोवर फिर्यादी स्वतःच गादीवर बसला होता, आणि अन्यायाची आठवण सत्तेच्या उबेत किती लवकर विरघळते हे सांगायला नकोच. १९८७ च्या प्रचारात पंतप्रधान लाँगी दूरचित्रवाणीवर सार्वमताचे वचन देऊन बसले. हातातले टिपण वाचताना घोटाळा झाला, असे सांगतात. वचन पाळले गेले नाही. प्रतिपक्षाची फजिती करण्याच्या हेतूने मग नॅशनल पक्षाने तेच वचन दिले, तो १९९० साली निवडून आला आणि स्वतःच्याच शब्दात अडकला. दोन्ही पक्षांनी मते मागताना न सांगितलेली अर्थनीती पाठोपाठ अमलात आणली असल्याने लोक संतापलेलेच होते. १९९२ च्या सार्वमतात जवळजवळ ८५ टक्के मतदारांनी बदल मागितला, आणि १९९३ साली सुमारे ५४ टक्क्यांच्या कौलाने नवी पद्धती कायम झाली. एवढ्या मोठ्या सुधारणेची जननी तत्त्वनिष्ठा नसून दोन पक्षांची परस्परांवरील कुरघोडी असावी, याचे मला दुःख वाटत नाही.

आपल्याकडे ४ जानेवारी १९४९ रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी प्रमाणशीर प्रतिनिधित्वास विरोध केला, तो जनतेची निरक्षरता आणि सरकारच्या स्थैर्याची निकड या दोन कारणांसाठी. त्या काळाचा विचार करता ती कारणे वजनदार होती. परंतु आपले आमदार राज्यसभेचे किंवा विधान परिषदेचे सदस्य निवडताना पसंतीक्रम लिहितात, कोटा काढतात, उरलेली मते पुढच्या उमेदवाराकडे वळवतात; म्हणजे प्रमाणाचा न्याय प्रतिनिधींना मिळतो, ज्यांनी त्यांना निवडले त्यांना मात्र नाही. निरक्षरतेची सबब आता कितपत चालेल, याचा विचार आपण करावा.

न्यूझीलंडात तरी सारे आलबेल झाले असे कोणी समजू नये. आयोगाने सुचवलेला चार टक्के मतांचा उंबरठा कायदेमंडळाने पाच टक्क्यांवर नेला, मात्र एक मतदारसंघ जिंकणाऱ्यास त्यातून सूट राहिली. परिणामी २००८ साली ४.०७ टक्के मतांचा न्यूझीलंड फर्स्ट पक्ष रिकाम्या हाताने परतला, तर ३.६५ टक्के मतांच्या ॲक्ट पक्षास एका एप्सम मतदारसंघाच्या पुण्याईवर पाच जागा मिळाल्या. २०१२ साली निवडणूक आयोगाने उंबरठा चारवर आणावा व ही सूट रद्द करावी, असे कळवले. पक्षांत एकमत नाही, या कारणावरून सरकारने तो अहवाल दप्तरदाखल केला, आणि त्या वेळी ॲक्ट पक्षाचा पाठिंबा त्याच सरकारला होता.