समेटाला बापही हवा



आमचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर झाले. मानसशास्त्रावर अधिकाराने बोलावे इतकी आमची विद्वत्ता नाही. परंतु पगाराचे गाऱ्हाणे सांगून झाले की कामगार उठता उठता हळूच म्हणतो, “भाऊ, पोरगं हाताबाहेर गेलंय.” त्या एका वाक्याने आम्हांला या विषयाकडे वळवले.

अशा मुलाला आम्ही समुपदेशकाकडे जायला सांगतो. बाप त्याला तिथे सोडतो आणि म्हणतो, “याला सुधारा, मी नंतर न्यायला येतो.” जणू जळालेली मोटार रिवाइंडिंगला टाकली! दुसरा बाप बाहेर बाकावर थांबतो, पण घरी जाताना दरडावतो, “माझ्याविषयी आत काय सांगितलंस?” पुढच्या खेपेला मुलाचे तोंड शिवलेले असते. आई म्हणते, “घरात सगळं ठीक आहे, संगतच वाईट.” मग समुपदेशकाने करावे तरी काय? आठवड्यातला एक तास त्याच्या हाती. बाकीचे सारे तास घराच्या हाती.

आमच्या चळवळीचा अनुभव काय सांगतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने समेट अधिकारी नेमण्याची तरतूद केली. त्याच्यापुढे एकच पक्ष आला, तर समेट कुणाशी व्हावयाचा? घरातल्या तंट्यालाही हाच न्याय लागू आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानेही हे ओळखले आहे. मुलाच्या हातून गुन्हा घडल्याचे आढळले, तर बाल न्याय मंडळ त्याला समज देऊन घरी सोडू शकते. पण कलम १८ तिथे मुलाबरोबर आईबापांचे वा पालकाचेही समुपदेशन सांगते. याचा अर्थ बाप आरोपी आहे असा नव्हे. मुलाची वागणूक बदलावयाची, तर घरातले बोलणे, मारणे, तुलना करणे, हेही बदलले पाहिजे, इतकाच त्याचा अर्थ.

“आम्हांला वेळ कुठला?” असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. म्हणूनच समुपदेशनाला जाणाऱ्या आईबापांना त्या वेळेची भरपगारी सवलत मिळावी, ही मागणी संघटनांनी आपल्या मागणीपत्रात घातली पाहिजे. ती मिळवण्यासाठी झगडण्याचे काम आमचे. सवलत मिळाल्यावर मुलाशेजारच्या खुर्चीवर बसून त्याचे म्हणणे मुकाट्याने ऐकण्याचे काम मात्र आपले आहे. ते कुठलीही संघटना आपल्यासाठी करू शकणार नाही.