रिव्हॉल्व्हर घ्यावं का, या प्रश्नाचं मी काय केलं



मला आज 'तंत्रज्ञान आणि तरुण' या विषयावर बोलायला सांगितलं होतं. तो मी बदलून घेतला. कारण गेल्या ईदला माझ्या खालाच्या मुलानं शीरखुर्म्याची वाटी हातात घेऊन मला गॅलरीत नेलं आणि हळूच विचारलं, "भाईजान, एक जण कट्टा देतोय. 25 हजार म्हणतोय. घेऊ का?" तो 22 वर्षांचा आहे, सोलापूरला असतो, रात्रपाळी करतो.

मी त्याच्यावर ओरडलो नाही. कारण हाच प्रश्न माझ्या डोक्यात त्याच्या कितीतरी आधी येऊन बसला होता. 2014 च्या जूनमध्ये पुण्यात हडपसरला, नमाज पढून परतणाऱ्या एका आयटीतल्या तरुणाला जमावानं मारून टाकलं. त्याची कुठलीही चूक नव्हती. मी तेव्हा त्याच बाजूला भाड्याच्या खोलीत राहायचो, दाढी ठेवायचो आणि रात्री साडेदहाला मोटरसायकलवरून घरी यायचो. त्या आठवड्यात मी दाढी काढली आणि शस्त्र परवान्याचा अर्ज कुठे मिळतो ते शोधलं. दोन्ही गोष्टी अम्मीला सांगितल्या नाहीत. दाढीचं अर्थात तिला दिसलंच.

आधी कट्ट्याचं बोलून टाकतो, त्यात फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. विनापरवाना बंदूक नुसती जवळ सापडली, एकही गोळी झाडलेली नसली, तरी 2019 च्या दुरुस्तीनंतर शस्त्र कायद्यात किमान 2 वर्षांची आणि 5 वर्षांपर्यंतची कैद आहे. शिवाय ती नळी कुणी तपासलेली नसते, ती तुमच्याच हातात फुटू शकते. आणि आपल्या नावाच्या पोराच्या खिशात कट्टा सापडला तर प्रकरण तेवढ्यावर थांबेल, असा भरवसा ज्याला असेल त्याला असो. मला नाही. खालाच्या मुलाला मी एवढंच म्हणालो, "त्या माणसाचा नंबर आधी डिलीट कर, मग आपण बोलू."

खरा प्रश्न परवान्याचा आहे. परवाना मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे आणि तो मागण्यात लाज नाही. शहरात पोलीस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. वय 21 पूर्ण हवं. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणानं अर्ज नाकारता येत नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलंय. नाकारला तर सहसा कारण लेखी नोंदवावं लागतं आणि त्यावर अपील करता येतं. पण सार्वजनिक शांततेच्या कारणावरून नाकारण्याची मुभा अधिकाऱ्याला आहे. 'मला भीती वाटते' हे कारण कागदावर फारसं वजनदार दिसत नाही.

माझ्या मामूंकडे परवाना आहे. त्यांचा पेट्रोल पंप आहे, रोकड घेऊन बँकेत जावं लागतं. कुठलं हत्यार घ्यायचं याचा विचार त्यांनी माझ्यापेक्षा जास्त शहाणपणानं केला होता. 9 एमएमसारखे बोर सामान्य माणसाला मिळत नाहीत, त्यामुळे कमरेला लावायचं तर निवड बहुतेक .32 वर येते. पिस्तुलात गोळी अडकली तर ती मोकळी करायला सराव लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळी उडाली नाही तर पुन्हा घोडा ओढायचा, पुढची गोळी येते. "घाबरलेल्या माणसाला कमी खटके बरे," असं मामू म्हणतात. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 2014 मध्ये बायकांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं 500 ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर काढलं, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. मामूंनी ते हातात घेऊन पाहिलं आणि जुनंच बरं म्हणाले, कारण हलक्या हत्याराचा झटका जास्त बसतो. मशिदीत ते रिव्हॉल्व्हर नेत नाहीत. बाण घेऊन मशिदीतून जाणाऱ्यानं टोकं हातात धरावीत, म्हणजे कुणाला लागणार नाही, ही हदीस ते सांगतात आणि म्हणतात, "माझ्या बाणाला टोक धरायची सोय नाही, मग घरीच ठेवलेला बरा."

इतक्या वर्षांत मामूंनी ते एकदाही कुणावर रोखलेलं नाही. साफ करणं आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करणं, एवढाच त्याचा उपयोग झालाय. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. शहरात तणाव असला की महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम 37 खाली मनाई आदेश निघतो, त्यात बंदुकांपासून लाठ्यांपर्यंत सगळं घेऊन फिरायला बंदी असते. परवाना असला तरी आदेशात काय लिहिलंय ते वाचूनच बाहेर पडावं लागतं. म्हणजे ज्या दिवसाच्या भीतीनं हत्यार घ्यायचं, नेमकं त्याच दिवशी ते घरी राहण्याची शक्यता जास्त.

2021 मध्ये मुलगी झाली आणि ती जुनी भीती परत आली. आपल्याला नेम तरी धरता येतो का हे बघावं म्हणून मी आधी एका रायफल क्लबात गेलो. तिथे 10 मीटरवरून एअर पिस्तुलानं शिकवतात. सगळं लक्ष्य साडेपंधरा सेंटिमीटरचं, मधलं वर्तुळ जेमतेम साडेअकरा मिलिमीटरचं. तीन महिन्यांत बरा नेम बसायला लागला. मग एकदा सरांनी मला चार मजले पळत चढून-उतरून यायला लावलं आणि लगेच पाच छर्रे मारायला सांगितलं. पाचातले तीन कागदाच्या बाहेर गेले. समोर माणूस नव्हता, ओरडा नव्हता, कुणी मला मारत नव्हतं. रिव्हॉल्व्हरमध्ये सहा गोळ्या असतात. जमाव म्हटल्यावर पुढचा हिशेब तुम्हीच करा.

कायदा मात्र अशा माणसाच्या बाजूनं आहे, निदान छापील. स्वसंरक्षणाचा हक्क आता भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 मध्ये आहे. शेवटच्या कलमाखाली एक उदाहरण दिलंय, ते जुन्या दंड संहितेतूनच आलंय. जमाव एका माणसाचा जीव घ्यायला आलाय, गोळी झाडल्याशिवाय त्याला वाचता येत नाही, आणि जमावात लहान मुलं मिसळलेली आहेत. गोळी मुलाला लागली तरी तो गुन्हा नाही. मी हे वाचून बराच वेळ तसाच बसलो. गुन्हा नाही, हे ठीक. पण तसं झालं हे कोर्टात सिद्ध करायचा भार आरोपीवर असतो, म्हणजे आपल्यावर. आणि ते सिद्ध झालं तरी ते मूल तर गेलेलंच असणार. माझी मुलगी तेव्हा सहा महिन्यांची होती.

तरीही मी अर्ज भरायला घेतला होता. तो अडला डॉक्टरच्या दाखल्यावर. त्यात मानसिक आरोग्याबद्दलही लिहून द्यावं लागतं. हे मी पहिल्यांदाच एवढ्या लोकांसमोर बोलतोय. 2020 मध्ये माझी नोकरी गेली होती. सहा महिने घरी होतो. त्यातल्या दोन-तीन रात्री अशा होत्या की सकाळ होऊच नये असं वाटायचं. त्या रात्री कपाटात रिव्हॉल्व्हर असतं तर आज मी इथे असतो की नाही, मला सांगता येत नाही. अर्ज तिथेच थांबला. तुमच्यापैकी कुणाच्या रात्री तशा जात असतील तर 14416 हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे. आणि घरात हत्यार असेल तर त्या काळापुरतं ते दुसरीकडे जाऊ द्या.

मग जमावाचं काय? मला जे उत्तर पटलं ते भिवंडीचं आहे. 1970 आणि 1984 मध्ये भिवंडी पेटली होती. 1988 पासून तिथे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदू-मुसलमान शेजारी आणि हवालदार यांना एकत्र बसवलं. विषय कधी गटाराचा, कधी नवरा-बायकोच्या भांडणाचा. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993 मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. हे काम कंटाळवाणं आहे हे मी अनुभवानं सांगतो. आमच्या सोसायटीच्या कमिटीवर मी तीन वर्षं आहे आणि त्यातली दोन पाण्याच्या टँकरवर भांडण्यात गेली. पण आता बीटचा हवालदार मला नावानं ओळखतो, आणि खालच्या मजल्यावरचे काका रात्री मला उशीर झाला की फोन करतात.

मामूंनी रिव्हॉल्व्हर परत करावं असं मी म्हणत नाही. त्यांचा धोका एकट्या-दुकट्या लुटारूचा आहे, त्यांना सराव आहे, घरात तिजोरी आहे. माझा धोका तसा नव्हता. खालाच्या मुलाचाही नाही. तो आणि त्याच्या पाळीतले दोघे आता तीन गाड्या एकत्र काढून घरी येतात, त्यातला एक गणपती मंडळाचा कार्यकर्ता आहे. भीती गेली का म्हणून परवा विचारलं. "नाही," म्हणाला. माझीही गेलेली नाही. त्यानं नंबर डिलीट केला होता, तरी कट्टेवाल्याचा फोन पुन्हा आला होता म्हणे. भाव 18 हजारांवर आला होता.