बिनपगारी पलटण



मी कॉलेजची पायरी चढलेला माणूस नव्हे. रात्रशाळा, युनियनच्या कचेरीतले पुस्तकांचे कपाट आणि गेटसभा, एवढीच माझी विद्या. त्यामुळे महायुद्धाकडेही मी कामगाराच्या नजरेने पाहतो. काम कोणी केले आणि मोबदला कोणाला मिळाला, हा माझा प्रश्न.

1938 साली बाँबहल्ल्यांचे सावट दिसू लागताच ब्रिटनच्या गृहमंत्र्यांनी लेडी रीडिंग यांना स्त्रियांची स्वयंसेवी संघटना उभारण्यास सांगितले. या बाई आपल्याला अगदी परक्या नाहीत. लॉर्ड रीडिंग व्हाइसरॉय असताना त्या दिल्लीत त्यांच्या पहिल्या पत्नीच्या कचेरीत काम करीत. पुढे 1931 साली त्यांचा लॉर्ड रीडिंगशी विवाह झाला. संघटनेचे नाव 'विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस'. युद्धाच्या भरात तिच्या सभासद दहा लाखांच्या घरात गेल्या.

सप्टेंबर 1939 मध्ये शहरांतून सुमारे पंधरा लाख माणसे, मुख्यतः शाळकरी मुले व लेकुरवाळ्या, बाहेरगावी हलवली गेली. त्यांची सोय लावणे, घर गेलेल्यांना कपडे व गरम चहा देणे, ही कामे या बायकांनी केली. 1940 साली विमानांसाठी ॲल्युमिनियम हवे म्हणून घरोघरची पातेली गोळा केली. बहुतेकींना पगार नव्हता; गणवेशही पदरच्या पैशाने!

आता हिशेबाची दुसरी बाजू पाहा. बाँबहल्ल्यात जखमी झालेल्या नागरिकाला सरकार भरपाई देई, पण स्त्रीला पुरुषापेक्षा कमी. बाँब एकच, जखम तीच, दर मात्र दोन! पार्लमेंटातील स्त्री-सभासदांनी पक्षभेद विसरून प्रश्न लावून धरला, तेव्हा 1943 साली भरपाई समान झाली. समान वेतनाच्या कायद्याला मात्र 1970 साल उजाडले.

दुसऱ्यांना कशाला बोल लावू? 1982 च्या गिरणी संपात मी शाळकरी पोरगा होतो. आईची खाणावळ होती. तिने संपकऱ्यांना महिनोन्महिने उधारीवर जेवू घातले. पुढे संपाचा इतिहास सांगताना मी पुढाऱ्यांचीच नावे घेत राहिलो. आईची उधारीची वही मी उघडली, ती गेल्यावर.

स्वखुशीची सेवा थोरच आहे; पण शाबासकी म्हणजे मोबदला नव्हे. पूर आला, साथ आली की आपल्याही गावात हीच पलटण आधी धावते. तिचे नाव हजेरीपटावर लिहा, तिच्या अपघाताची भरपाई आधी ठरवा. हारतुरे मागाहून घाला.